नवमीचं हत्यार

१ ऑक्टोबर २०२५, बुधवार. खंडेनवमी.

आजपासून पुन्हा वही. गेल्या हिवाळ्यात नोंदी ठेवल्या नाहीत आणि धारला गोपाळरावांकडून हरलो. नोंदी नव्हत्या म्हणून हरलो असं नाही, पण हरल्यावर कारण शोधायला हाताशी काही नव्हतं. देवासच्या कारखान्यात सारा जन्म गियरचे दात तपासण्यात गेला. कारण सापडलं नाही की मला जेवण जात नाही.

मुद्द्याचं एकदाच लिहून ठेवतो, पुढे रडगाणं नको. अठरा जानेवारीला धारला गोपाळरावांच्या क्लबात बेंचरेस्टची स्पर्धा आहे. टेबलाशी बसायचं, हवेची रायफल रेतीच्या पिशव्यांवर ठेवायची आणि पन्नास मीटरवरच्या ठिपक्यात छर्रे लावायचे. लोक म्हणतात, यात कसलं कसब, बंदूक तर पिशवीनंच धरलेली. त्यांनी एकदा बसून पाहावं. माझ्या उजव्या डोळ्याचा पडदा विरत चालला आहे. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, हा हिवाळा खेळून घ्या, पुढचं मी सांगत नाही. म्हणजे ही शेवटची स्पर्धा, आणि ती मला जिंकायची आहे. या वयात विनय दाखवून काय मिळवायचं आहे?

आज मात्र रायफलला सुट्टी. आमचे पूर्वज देवास संस्थानात थोरल्या पातीच्या पागेत होते. पागा गेली, घोडे गेले, दोन गंजक्या तलवारी आणि ही पूजा राहिली. पाटावर पांढरं वस्त्र, त्यावर तलवारी, शेजारी माझी रायफल. हळदकुंकू, अक्षता, झेंडू. आमच्या घरची एक रीत मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही. तुपात कालवलेलं कुंकू अनामिकेनं नळीच्या तोंडाला लावायचं. माझ्या पत्नीला, कुसुमावतींना ती आईसाहेबांनी शिकवली, आईसाहेबांना त्यांच्या सासूबाईंनी. ठासणीच्या बंदुकीला ते चालत असेल. मी दरवर्षी कुरकुरतो आणि दसऱ्याला नळी साफ करतो.

पूजा झालेलं हत्यार नवमीला हलवायचं नाही. कुसुमावती म्हणाल्या, "वर्षातून हा एक दिवस आपण घरात सापडता." दुपारी पुरण झालं. मग दिवसभर पत्ते खेळलो. त्या लबाडी करतात. लग्न झाल्यापासून करतात, आणि पकडलं तर माझ्यावरच रुसतात.

१२ ऑक्टोबर, रविवार

दिल्लीहून छऱ्यांचे डबे आले, तीन वेगवेगळ्या लॉटचे. एका डब्यातले दोन छर्रे सख्ख्या भावांसारखे असतात, चेहरा एक आणि स्वभाव दोन. म्हणून आधी साबणाच्या पाण्यात धुवायचे, मलमलीवर वाळवायचे, सराफ्यातून आणलेल्या काट्यावर एकेक तोलायचा. मग काच. काच किंचित कलती ठेवून वरून छर्रा सोडला की तो सरळ येत नाही, डोकं लहान आणि घेर मोठा असल्यानं वळसा घेत उतरतो. ज्यांचं माप एक, ते एकाच जागी येऊन थांबतात. अशा जुळ्यांची वेगळी डबी.

कुसुमावती समोर बसून होत्या. पूर्वी हे काम त्यांचंच होतं. तांदूळ निवडण्यापेक्षा सोपं, असं म्हणायच्या. आज एक छर्रा तळहातावर घेऊन बराच वेळ पाहत राहिल्या आणि विचारलं, "हे धुऊन कुकरला लावायचे का?"

मी पोट धरून हसलो. त्यांची थट्टा पहिल्यापासून अशीच कोरडी.

२५ ऑक्टोबर, शनिवार

दिवाळी आटोपली, आज शेतावर पहिला दिवस. पीपलरावां गावाच्या रस्त्याला आमचा तुकडा आहे, तिथे पत्र्याची शेड, सिमेंटचं टेबल आणि पलीकडे मातीचा बांध. मध्ये बांबूंना कुसुमावतींच्या जुन्या लुगड्याच्या चिंध्या बांधल्या आहेत. छर्रा हलका, वाऱ्यानं वाहून जातो. त्या चिंध्या वाचता आल्या तर निम्मी स्पर्धा जिंकली.

मला त्या कधीच धड वाचता आल्या नाहीत, हे या वहीत मान्य करायला हरकत नाही. कुसुमावती शेजारी खुर्ची टाकून बसायच्या आणि पुटपुटायच्या, "थांबा... थांबा... आता." त्यांच्या "आता"वर बोट दाबलं की झालं. गेल्या साली गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून मी एकटाच येतो. कच्च्या रस्त्याचे धक्के त्यांना कशाला? घरी टीव्ही आहे, सकाळी उमाबाई येऊन धुणंभांडी करून जातात. खुर्ची शेडमध्येच पडून आहे.

दुसऱ्या लॉटनं कमाल केली. पाचही छर्रे एका हरभऱ्याखाली झाकतील इतक्या जवळ. पाच छऱ्यांचा असा पुंजका म्हणजे एक ग्रुप. तो मी मिलिमीटरमध्ये लिहितो, पण मनातली मापं हरभरा, बोर आणि लिंबू हीच आहेत. जिंकायला हरभरा हवा.

४ नोव्हेंबर, मंगळवार

लिंबू. तोच लॉट, तीच डबी, वारा नाही आणि लिंबू. स्कोपचे स्क्रू तपासले, पिशव्या झटकल्या. काही नाही.

निघताना कुसुमावती दारात उभ्या होत्या. "आज नका ना जाऊ. आज हत्यार काढायचं नसतं." आज वैकुंठ चतुर्दशी आहे, त्याचं काही असेल. बायकांचे नेम इतके की पंचांगही दमेल.

९ नोव्हेंबर, रविवार

एकूण एक छर्रे पुन्हा तोलले. वजनात खोट नाही. तेल कमीजास्त करून पाहिलं. पेटीतून रायफल काढताना तळाशी अक्षतेचा एक दाणा सापडला, नवमीचा राहिला असणार. पेटीला तुपाचा वासही येतो. दिवाळीत चकलीचे हात लागले असतील कुणाचे तरी.

बाजारातून कुंकू आणलं. आठच दिवसांपूर्वी आणलं होतं. विचारलं तर म्हणाल्या, "संपलं." त्यांचा हात पहिल्यापासून सढळ.

१६ नोव्हेंबर, रविवार

गोपाळरावांचा धारहून फोन. "उदाजीदादा, तयारी कशी आहे? इस बार मैं आपको छोडनेवाला नहीं." मी म्हणालो, छऱ्यांचं जमत नाहीये. ते खूष झाले आणि ते लपवायचा प्रयत्नसुद्धा केला नाही. माणूस चांगला आहे. तरुणपणी आम्ही एका रेंजवर शेजारी शेजारी पालथे पडून नेम धरायचो. आता दोघांच्याही पाठी गेल्या, म्हणून टेबल.

फोन ठेवला तर कुसुमावती विचारतात, "कोण होतं?" सांगितलं. जरा वेळानं पुन्हा, "कोण होतं फोनवर?" मी काचेवर छर्रे सोडत होतो, वैतागून म्हणालो, सांगितलं ना एकदा. त्या आत गेल्या.

२६ नोव्हेंबर, बुधवार. चंपाषष्ठी.

आज खंडोबाचं भरीत-रोडगा. वर्षभर ज्याची वाट पाहतो ते वांग्याचं भरीत, आणि ताटात पुरण. मी म्हणालो, "हे काय?" म्हणाल्या, "नवमीला भरीत कसं चालेल?" आणि माझ्याकडे असं पाहिलं की चूक माझीच असावी. सणावारांचा घोळ होतो माणसाचा. पुरण झकास होतं, दोन पोळ्या जास्तच खाल्ल्या.

तिसरा लॉट: बोर, लिंबू, लिंबू, बोर.

५ डिसेंबर, शुक्रवार

हर्षितचा बेंगलोरहून फोन. आमचे चिरंजीव मराठीत सुरुवात करतात आणि दुसऱ्या वाक्याला हिंदीत उतरतात. "बाबा, आईनं काल मला एकच गोष्ट तीन बार विचारली. आप थोडा ध्यान दो ना." मी म्हणालो, तू महिन्यातून एकदा फोन करतोस, ती विसरत असेल तू काय सांगितलंस ते. बोलायला नको होतं, पण छऱ्यांनी डोकं उठवलं आहे.

१३ डिसेंबर, शनिवार

आज एक धागा सापडला. दोष छऱ्यांत नाही, नळीत आहे. काल शेतावर नळी आतून साफ केली. साफ नळी लगेच नीट मारत नाही, शिशाचा पातळ थर बसेपर्यंत छर्रे भरकटतात. संध्याकाळपर्यंत ती बसली आणि शेवटचे दोन ग्रुप हरभरा. मी गुणगुणत घरी आलो. आज दुपारी पेटीतून तीच रायफल काढली, तेच छर्रे, आणि पुन्हा लिंबू.

म्हणजे संध्याकाळ ते दुपार या वेळात घरात, पेटीत, काहीतरी होतं. दमट हवा? भिंतीला ओल नाही. उद्यापासून पेटीत मीठ ठेवून पाहतो.

१८ डिसेंबर, गुरुवार

मिठानं काही झालं नाही. कुसुमावतींनी ते मीठ उचलून आमटीत घातलं असावं, आमटी खारट होती.

२२ डिसेंबर, सोमवार

आज सगळं लिहितो.

सकाळी धुकं दाट होतं. टेकडीच्या पायथ्यापर्यंतचा माझा रोजचा फेरा मी अर्ध्यावर सोडला आणि लवकर परतलो. दार लोटलेलं. आतल्या खोलीत पाट मांडलेला, त्यावर पांढरं वस्त्र, दोन तलवारी आणि माझी रायफल. झेंडूची फुलं. कुसुमावती हिरवं लुगडं नेसून बसल्या होत्या. त्यांनी अनामिका तुपाच्या कुंकवात बुडवली आणि नळीच्या तोंडावर, आत, हळुवार फिरवली.

नळीच्या टोकाला एक टोपी असते. तिच्या आत नळीची खरी कड. छर्रा निघताना त्या कडेला शेवटचा स्पर्श करून जातो, तिथे केसाएवढं काही असलं तरी पन्नास मीटरवर तो भरकटतो. टोपीमुळे मला बाहेरून कधी दिसलं नाही. आणि पूजा झाली की त्या सगळं पुसून, हत्यार पेटीत जसंच्या तसं ठेवत होत्या. टापटीप त्यांची पहिल्यापासून.

उमाबाई मागे भांडी घासत होत्या. त्यांना विचारलं. फुलं त्याच आणून देत होत्या. आपल्या माळवीत म्हणाल्या, "या पूजा तो रोज होवे, भाऊसाब. फूल म्हूंज तो लावूं. म्हने सोच्यो, राजवाडावाला घर में रोज होती होयगी."

रोज.

मी ओरडलो. दोन महिने मी छऱ्यांच्या मागे, तेलाच्या मागे, मिठाच्या मागे लागलो, डोळ्याचा हा एवढाच हिवाळा उरला आहे, असं सगळं तोंडाला येईल ते बोललो. कुसुमावतींनी मला कधी असं पाहिलेलं नाही. त्या उठल्यासुद्धा नाहीत. बोटावरचं कुंकू तसंच. एवढंच म्हणाल्या, "आज खंडेनवमी आहे ना?"

मी म्हणालो, पौष लागला आहे. त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं, मग माझ्याकडे, आणि मान हलवली, जशी आपण परक्या माणसाच्या बोलण्यावर हलवतो.

२३ डिसेंबर, मंगळवार

रायफल लोखंडी कपाटात ठेवून कुलूप लावलं. घरातल्या सगळ्या किल्ल्या कुसुमावतींच्या कमरेला असतात, आईसाहेब गेल्या त्या दिवसापासून. मी म्हणालो, कपाटाची किल्ली माझ्याकडे द्या. त्यांनी सगळा जुडगाच काढून दिला. म्हणाल्या, "ठेवा आपल्याकडे." रागावल्या असाव्यात. चार दिवसांत विसरतील.

नळी साफ केली.

२८ डिसेंबर, रविवार

हरभरा! आज सात ग्रुप, सातही हरभऱ्याखाली. एक तर तुरीच्या दाण्याएवढा, कागद जपून आणला आहे. वाऱ्याचाही अंदाज आज बरा आला. टेकड्यांवरच्या पवनचक्क्या थांबल्या की इकडे मागोमाग शांत होतं, हे मला इतक्या वर्षांत कळलं नव्हतं. गोपाळरावांना मुद्दाम फोन केला. ते म्हणाले, "मर गये."

घरी आलो तर माळ्यावरच्या ट्रंका खाली काढलेल्या, कपडे सगळीकडे. कुसुमावती काहीतरी शोधत होत्या. उमाबाईंनी सांगितलं, चार दिवस हेच चाललं आहे. आवराआवर करत असतील, संक्रांत जवळ आली.

२ जानेवारी २०२६, शुक्रवार

आवराआवर नाही.

मी आज शेतावर गेलो नाही, सर्दी झाली म्हणून. त्यामुळे सगळं डोळ्यांनी पाहिलं. कुसुमावती सकाळी पाट मांडतात. तलवारी ठेवतात. शेजारची जागा मोकळी सोडतात आणि मग रायफल शोधायला निघतात. देवघर, माळा, धान्याचा डबा, माझी गादी उचलून खालून, न्हाणीघर. पुन्हा देवघर. पुढे दुखऱ्या गुडघ्यानं अंगणापर्यंत. जेवायला बोलावलं तर म्हणतात, "घरातलं हत्यार हरवलं आणि जेवू कशी?" दुपारी पाटाशी बसून रडल्या. आवाज न करता.

मी कपाट उघडून रायफल दाखवली. त्यांचा चेहरा फुलला. पण ती हातात द्यायचं धैर्य झालं नाही. स्पर्धा सोळा दिवसांवर आहे. कुलूप पुन्हा लावलं. हे मी केलं आणि हे मी लिहितो आहे.

संध्याकाळी हर्षितला फोन लावला. त्यानं इंदूरच्या डॉक्टरांची वेळ घेतली. "मैं आ जाऊं?" म्हणाला. मी म्हणालो, आधी पाहू.

६ जानेवारी, मंगळवार

डॉक्टर तरुण आहेत, बोलणं मऊ. त्यांनी कुसुमावतींना विचारलं, "माताजी, अभी कौन सा महीना चल रहा है?"

"आश्विन. नवरात्र संपत आलं."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी अर्थ सांगितला, "अक्टूबर."

घड्याळ काढायला सांगितलं, त्यांनी वर्तुळ काढलं आणि सगळे आकडे एका कोपऱ्यात गोळा केले. माझ्या ग्रुपसारखे, असं वेड्यासारखं मनात आलं. आजाराचं नाव डॉक्टरांनी सांगितलं, ते मला पाठ आहे, लिहीत नाही. गोळ्यांनी वेग कमी होईल, मागे फिरणार नाही. कधीपासून आहे, असं विचारलं. मी म्हणालो, थोड्या दिवसांपासून. मग गाडीत बसल्यावर एकेक आठवू लागलं. कुकर, कुंकू, भरीत, मीठ. मी तराजूवर धुळीचा कण ओळखतो आणि माझ्यासमोर ताट वाढणारी बाई रोज थोडी कमी होत होती, ते मला दिसलं नाही.

क्षिप्रेचा पूल आला तेव्हा त्या म्हणाल्या, "आज आपण दिवसभर माझ्याबरोबर होता." खुशीत होत्या.

७ जानेवारी, बुधवार

किल्ल्यांचा जुडगा परत दिला. कमरेला लावताना तो आकडा कुठे अडकवायचा हे त्यांना आठवेना, मी लावून दिला. कपाट उघडं ठेवलं. सकाळी पूजा झाली, मी समोर बसलो. कुंकवाचं बोट नळीच्या तोंडावर फिरवताना त्या हळूच म्हणाल्या, हत्याराला म्हणाल्या, मला नाही: "आज तू घरी, हे पण घरी."

१४ जानेवारी, बुधवार. संक्रांत.

तिळगूळ मीच केला, दगड झाला. कुसुमावती म्हणाल्या, "गोड बोलायला आधी दात शिल्लक राहिले पाहिजेत." कितीतरी दिवसांनी अशी बोलल्या. आम्ही दोघंही हसलो.

आठवडाभर दोन्ही जमवायचा प्रयत्न केला. सकाळी पूजा, मग मी नळी साफ करतो, मग शेतावर. पण रोज साफ केलेली नळी रोज नवी असते. तिला बसायला अर्धा दिवस लागतो आणि ती बसेपर्यंत उजेड कलतो. धारला तर मोजके सरावाचे छर्रे मिळतील आणि लगेच स्पर्धा. आदल्या दिवशी बसवलेल्या नळीला हात लागला नाही, तरच काही आशा.

म्हणून असं ठरवलं आहे: शनिवारी नळी बसवून घ्यायची आणि रायफल घरात आणायचीच नाही, गाडीच्या डिकीत ठेवायची. रविवारी त्या उठण्याआधी निघायचं. उमाबाई दिवसभर थांबायला तयार आहेत. एका दिवसाचा प्रश्न आहे. एक दिवस त्या शोधतील. माझाही हा एकच दिवस आहे.

१७ जानेवारी, शनिवार

नळी बसली. तीन ग्रुप, तिन्ही हरभरा. रायफल डिकीत आहे. निवडलेल्या छऱ्यांची डबी कोटाच्या खिशात.

१८ जानेवारी, रविवार

मी आंघोळ करून निघालो तर पुढच्या खोलीत दिवा. कुसुमावती माझ्याआधी उठून बसल्या होत्या. हिरवं लुगडं उलटं नेसलेलं, पदराची जर आत. पाट मांडलेला, तलवारी ठेवलेल्या, शेजारची जागा मोकळी. कुंकू तुपात कालवून तयार.

त्या कासावीस नव्हत्या. मला कोटात पाहिलं आणि विचारलं, "हत्यार आपल्याजवळ आहे ना? द्या. पूजा झाली की आज कुठे जायचं नाही. वर्षातला एक दिवस तर मागते मी."

उमाबाई दाराशी आल्या होत्या, चप्पल काढत होत्या. मी त्यांना म्हणालो, "आप घर जाओ, उमाबाई. आज छुट्टी." मग गाडीपर्यंत गेलो. डिकी उघडून बराच वेळ उभा राहिलो. खोटं कशाला लिहू, एकदा बंदसुद्धा केली आणि गाडीची किल्ली हातात घेतली. धारचा रस्ता मोकळा असणार होता. पण त्या मोकळ्या जागेशी त्या दिवसभर बसतील, हे दिसत होतं. डोळा तर काय, जायचाच आहे. आज गेला की उद्या.

रायफल आणून पाटावर ठेवली. त्यांनी हळद लावली, कुंकू लावलं, अक्षता वाहिल्या. अनामिका नळीचं तोंड चुकत होती, तर मी मनगट धरलं आणि बोट नळीच्या तोंडापर्यंत नेलं.

नऊ वाजता गोपाळरावांचा फोन. "उदाजीदादा, कुठे पोचला? चेकिंग शुरू हो गया."

"गोपाळराव, मी येत नाही. आमच्याकडे आज खंडेनवमी आहे."

"काय? तबियत ठीक आहे ना? अहो, आज पौषातली अमावस्या."

"असेल. आमच्या घरात नवमी आहे. आज हत्यार हलत नाही."

पलीकडे रेंजवरचा आवाज ऐकू येत होता, कुणीतरी टेबलांचे नंबर पुकारत होतं. गोपाळराव म्हणाले, "वहिनीसाहेबांना माझा मुजरा सांगा," आणि फोन ठेवला.

मुजरा सांगितला. त्या म्हणाल्या, "धारचे का? जेवायला बोलवायचं होतं."

दुपारी पत्ते मांडले. पहिल्या डावात मी वाट पाहत होतो की त्या पान कुठे लपवतात. त्यांनी लपवलं नाही. दुसऱ्या डावातही नाही. लबाडी कशी करायची ते त्या विसरल्या आहेत. मग मीच माझं हुकुमाचं पान त्यांच्या पानांत सरकवलं. त्या जिंकल्या आणि म्हणाल्या, "पाहिलंत?"

झोपायच्या आधी मी सांगितलं, "उद्या दसरा. उद्या आपण दोघं सीमोल्लंघनाला शेतावर जाऊ. आपली खुर्ची तिथेच आहे. आपण वारा सांगा, मी बोट दाबतो." त्यांनी होकार दिला आणि कोणतं लुगडं नेसायचं ते ठरवून ठेवलं.

१९ जानेवारी, सोमवार

सकाळी शेतावर नेण्यासाठी चहाचा थर्मास भरत होतो. आतून पाट सरकवल्याचा आवाज आला. जाऊन पाहिलं तर पांढरं वस्त्र अंथरलेलं, दोन तलवारी, शेजारी मोकळी जागा.

"आज खंडेनवमी ना?" त्यांनी विचारलं.

"हो," मी म्हणालो आणि रायफल आणून ठेवली.

खिडकीतून टेकड्यांवरच्या पवनचक्क्या दिसत होत्या. सगळ्या थांबलेल्या. वारा अगदी पडलेला होता. नेमबाजाला अशी सकाळ हिवाळ्यातून एखादीच मिळते. मी थर्मासमधला चहा दोन कपांत ओतला आणि पत्ते काढले.